सांधा कोणी जोडावा?

घरातील लोखंडी वस्तूचा जोड तुटला म्हणजे गृहस्थापुढे दोन मार्ग उभे राहतात. कारागिराला बोलावून दाम मोजावे, की स्वतःच यंत्र हाती घ्यावे? वरवर पाहता हा प्रश्न खर्चाचा आणि हौसेचा वाटतो. हल्ली एका हाताने उचलता येईल असे वेल्डिंगचे यंत्र घरच्या विजेवर चालते आणि काड्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. त्यामुळे हाताने काम करण्यात कमीपणा मानण्याची आपल्या पांढरपेशा वर्गाची जुनी खोड सुटत असेल, तर ते इष्टच होय. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे शिक्षण चित्रकलेचे. परंतु बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून त्यांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. यंत्रविद्या ते बहुतांशी स्वतःच शिकले. मग आपण एक सांधा का जोडू नये?

वाचकहो, येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. त्यांचा लोखंडी नांगर शेतकऱ्यांनी प्रथम घेतला नाही; त्यांना शंका घेण्याची, पारख करण्याची मोकळीक होती. तुटलेल्या सांध्याच्या बाबतीत ही मोकळीक पुष्कळदा कोणालाच नसते, कारण सांधा आपला गुण बाहेर दाखवीत नाही. वरून माशाच्या खवल्यांसारखी सुबक रेघ दिसावी आणि आत धातू धातूला मिळालेलाच नसावा, असे सहज घडते. जुना तुटका जोड घासून निरोगी लोखंडापर्यंत जावे लागते, जाड पट्टीच्या कडा तिरप्या कराव्या लागतात, गंज व रंग काढावा लागतो, काडी कोरडी असावी लागते. एवढे करूनही उष्णतेने शेजारचे लोखंड बदलते, आणि पुढचा तडा अनेकदा जोडाच्या अगदी लगत जातो. वस्तू बिडाची असेल तर साध्या काडीने जोडताच थंड होताना ती बाजूलाच तडकते. कारागिराला हे हाताने कळलेले असते. आपल्याला ते पुस्तकात वाचून ठाऊक असते, एवढाच काय तो फरक, पण तो लहान नव्हे.

फुलझाडांच्या कुंडीची तिवई मोडली, तर ती अवश्य स्वतः जोडावी. पुन्हा मोडली तर कुंडी फुटेल, एवढेच. मात्र डोळ्यांवर योग्य काचेचा मुखवटा हवा, आणि कौतुकाने पाहावयास जमलेल्या मुलांना दूर पाठवावे; ठिणगीच्या प्रकाशाची इजा त्या क्षणी जाणवत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होऊ लागते. परंतु झोपाळ्याची कडी? झोका उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत गेला, तर तळाशी येताना कड्यांवर पाट व माणसे मिळून जे वजन होते त्याच्या दुप्पट ताण पडतो. १०० किलोचे २०० किलो होतात. आणि हे एकदा नव्हे, दर झोक्याला. म्हणून जोड दिल्यावर वर बसून पाहिले आणि तुटला नाही, ही परीक्षा पुरी नव्हे. त्या पाटावर नातवंड बसणार असते, आणि सांधा कोणी जोडला हे ते विचारीत नाही.

याहून नाजूक प्रसंग सार्वजनिक जागी येतो. देवळाच्या पायऱ्यांचा कठडा एका ठिकाणी निखळतो. एखादा भाविक सद्भावनेने म्हणतो, मी हे काम सेवा म्हणून करीन, पैसे नकोत. त्याला नाही म्हणणे जड जाते. विश्वस्तांना खर्चही वाचवायचा असतो. तथापि त्या कठड्याला धरून चढणाऱ्या वृद्ध स्त्रीने ना ती सेवा मागितली, ना तिचा धोका पत्करला. आपल्या पुण्यासाठी दुसऱ्याचा तोल पणाला लावण्याचा अधिकार कोणाला आहे? माझ्या मते कोणालाच नाही. त्या गृहस्थाने मजुरीचे पैसे द्यावेत, कठडा घासावा, रंग द्यावा. सेवेला वाव पुष्कळ आहे.

असे असले तरी दाम मोजले म्हणजे आपण मोकळे झालो, हेही खरे नव्हे. आपण कारागिराकडे जातो आणि म्हणतो, 'एक टाका मारून द्या, दोन मिनिटांचे काम.' त्याने रक्कम सांगितली की घासाघीस करतो. वस्तुतः ठिणगीची दोन मिनिटे हा कामाचा सर्वांत लहान भाग. घासणे, कडा करणे, बसवून पाहणे यातच त्याचा वेळ जातो. आपण दोन मिनिटांचेच पैसे देऊ केले, तर तो नेमके हेच भाग गाळतो, आणि गंजावरच टाका मारून मोकळा होतो. मग सांधा तुटला की आपण त्याला अप्रामाणिक ठरवितो. त्या अप्रामाणिकपणात आपला वाटा किती, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. पूर्ण काम सांगावे, त्याचे पूर्ण दाम द्यावे, आणि भार कोणाचा पडणार आहे हे त्याला आधी स्पष्ट सांगावे. झोपाळ्याची कडी आहे हे कळल्यावर चांगला कारागीर कधी कधी जोड देण्यासच नकार देतो व नवी कडी घ्या म्हणतो. त्याचा तो नकारही ऐकावा.

आणि जोड कोणीही दिला असो, लगेच रंग लावण्याची घाई करू नये. रंगाखाली तडा दिसत नाही. एखाद्या जाणत्याला तो सांधा उघडा असतानाच दाखवावा.