शिष्यवृत्ती आणि पोटापाण्याचा हिशेब

पदवीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या खर्चाचे दोन भाग पडतात. एक भाग महाविद्यालयात जमा होतो: शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, ग्रंथालय आणि प्रयोगशाळेचे शुल्क. दुसरा भाग जगण्यावर खर्च होतो: कॉट बेसिसचे भाडे, मेसचे पैसे, एसटीचा पास, वह्या-पुस्तके, झेरॉक्स, मोबाइलचे रिचार्ज. सरकारी मदतीची चर्चा बहुतेक वेळा पहिल्या भागाभोवती फिरते. कला किंवा वाणिज्य शाखेच्या अनुदानित तुकडीचे वर्षाचे शुल्क काही हजारांत भागते. पुण्या-मुंबईत राहण्या-जेवण्याला तेवढे पैसे एक-दोन महिन्यांतच संपतात. त्यामुळे फी माफ झालेला विद्यार्थीही शिक्षण अर्धवट सोडून गावी परतू शकतो. मदतीच्या कोणत्याही योजनेची खरी परीक्षा या दुसऱ्या भागात होते.

महाराष्ट्रातील जुन्या पिढ्यांना हे नीट ठाऊक होते. वार लावून जेवणारा किंवा माधुकरी मागणारा विद्यार्थी फीच्या आधी अन्नाची सोय लावत असे. ही सोय ठरावीक जातींच्या मुलांपुरती होती, हे तिचे मोठे वैगुण्य. पेशवे विद्वान ब्राह्मणांना देत त्या दक्षिणेचेही तसेच. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यानंतर इंग्रजांनी दक्षिणेच्या निधीतून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली आणि पुढे त्याच पैशातून ‘दक्षिणा फेलो’ नेमले. रा. गो. भांडारकर हे अशा फेलोंपैकी एक. निधी सार्वजनिक झाला, तरी त्याचा लाभ बराच काळ जुन्याच वर्तुळात फिरत राहिला.

हे वर्तुळ मोडण्याचा सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न कोल्हापुरात झाला. १८९६ साली तेथे सर्व जातींसाठी खुले वसतिगृह निघाले. परंतु व्यवहारात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच झाले. दार उघडे ठेवल्याने सगळे आत येतातच असे नाही, हा धडा शाहू महाराजांनी घेतला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल अशी वसतिगृहे उभी राहिली. जातवार वसतिगृहांवर टीका होते आणि तिच्यात तथ्यही आहे. तरीही खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात उतरायला जागा आणि दोन वेळचे अन्न मिळाले, ते याच रचनेमुळे.

कर्मवीर भाऊराव पाटील आणखी पुढे गेले. १९१९ मध्ये काले येथे स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने १९२४ पासून साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवली. मुले स्वयंपाकात आणि शेतात राबत, आणि त्यातून शिक्षणाचा खर्च निघे. टंचाईच्या काळात भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही विकून मुलांचे जेवण चालू ठेवले. ही कथा भाषणांतून इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिच्यातील मुख्य गोष्ट नजरेआड होते: त्या दिवशी प्रश्न फीचा नव्हता, धान्याचा होता.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी इंटर उत्तीर्ण झालेल्या भीमराव आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती महिना २५ रुपयांची होती. ती दरमहा मिळे, आणि तिच्या जोरावर त्यांनी १९१२ मध्ये बी.ए. पूर्ण केले. पुढील वर्षी कोलंबिया विद्यापीठासाठीही बडोद्यानेच मदत दिली. या अनुभवाचा ठसा आंबेडकरांच्या नंतरच्या कामावर स्पष्ट दिसतो. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद मिळवली. आजच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची सुरुवात १९४४ च्या सुमाराची, ती या प्रयत्नांतूनच झाली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले गेले. शिकणाऱ्याच्या दिवसाचे वेळापत्रक पाहून महाविद्यालयाची वेळ ठरवणे, हीसुद्धा आर्थिक मदतच होती.

पुढे १९५९ मध्ये मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या काळात ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्गासाठीची, सवलत आली. जातीऐवजी उत्पन्नाचा निकष लावून फी माफ करणारी ही योजना ग्रामीण महाराष्ट्रातील एका अख्ख्या पिढीला महाविद्यालयापर्यंत घेऊन गेली. मात्र सरकारी मदत म्हणजे फीमाफी, हे समीकरणही तेव्हापासूनच रुजले. २०१६ नंतर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आलेली योजना त्याच वळणाची आहे: आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलांचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे निम्मे शिक्षण शुल्क शासन भरते. ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांतील मुलींचे हे शुल्क पूर्ण माफ झाले. निर्णय मोलाचाच आहे. पण परगावी शिकणाऱ्या मुलीच्या आईवडिलांना फीइतकीच काळजी सुरक्षित खोलीची असते, आणि त्या खर्चाला या निर्णयात जागा नाही.

जगण्याच्या खर्चासाठी ज्या तरतुदी आहेत त्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की गोंधळ लगेच दिसतो. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत साध्या पदवीच्या विद्यार्थ्याला वसतिगृहात राहत असल्यास वर्षाला ६,००० आणि घरून ये-जा करत असल्यास ३,००० रुपये निर्वाह भत्ता मिळतो. हे दर २०२१ चे. त्याआधीचे २०१० चे दर महिना ५७० आणि ३०० रुपये होते. दहा महिने धरले तर ५,७०० आणि ३,०००. म्हणजे अकरा वर्षांत वसतिगृहातील विद्यार्थ्याच्या पदरात वर्षाला ३०० रुपयांची भर पडली आणि घरून येणाऱ्याच्या पदरात काहीच नाही. याच काळात गॅस, डाळ, तेल आणि खोलीभाडे कुठे गेले, हे कोणत्याही मेसचालकाला विचारावे.

दुसरीकडे, राज्य शासनाच्या २०१६-१७ च्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेने सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याचा मोठ्या शहरातला खर्च असा मांडला: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००; एकूण वर्षाला ६०,००० रुपये. इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि अन्यत्र ४३,०००. हा हिशेब वास्तवाच्या बराच जवळ जातो. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम् योजना आणि नंतर इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीच्या आहेत. आधार योजनेत मात्र जिल्ह्यामागे ६०० विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. विद्यार्थ्याला जगायला वर्षाला साठ हजार लागतात हे एका योजनेने मान्य केले असताना दुसऱ्या योजनेने सहा हजारांवर थांबावे, याचे समर्थन करता येत नाही.

उत्पन्नाची मर्यादाही अशीच गोठली आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी ती २०१३ पासून अडीच लाख रुपये आहे. घरातील दोघे रोज चारशे रुपये मजुरीवर महिन्याचे सव्वीस दिवस राबले, तर वर्षाचे उत्पन्न २,४९,६०० रुपये होते. मजुरी साडेचारशे झाली की तेच कुटुंब मर्यादेबाहेर जाते. मग त्यांच्या मुलाला फ्रीशिप मिळते, म्हणजे शुल्क माफ होते, पण निर्वाह भत्ता जातो. पन्नास रुपये जास्त मिळवल्याबद्दल भत्ता पूर्ण बंद करण्यापेक्षा तो टप्प्याटप्प्याने कमी करणे सहज शक्य आहे.

रकमेनंतर प्रश्न येतो वेळेचा. प्रवेश जून ते ऑगस्टमध्ये होतात. खोलीची अनामत आणि मेसचे आगाऊ पैसे पहिल्याच आठवड्यात लागतात. त्यानंतर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, महाविद्यालयातील लिपिकाची पडताळणी, समाजकल्याण कार्यालयाची मंजुरी, मग हप्ता. सेतू केंद्रातून मिळणारा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, डोमिसाईल, शिक्षणात खंड असेल तर गॅप सर्टिफिकेट आणि आधारशी जोडलेले बँक खाते यांपैकी एक जरी अडले तरी अर्ज परत येतो. पैसे वर्षाअखेरीस किंवा पुढच्या वर्षी हातात पडतात. तोवर घरची शेळी विकली जाते, सावकाराकडून उसनवारी होते किंवा विद्यार्थी एकवेळच्या डब्यावर दिवस काढतो. उशिरा आलेले साठ हजार ते कर्ज फेडतात. जून ते डिसेंबर पोटाला घेतलेला चिमटा त्याने भरून निघत नाही.

२०२१ पासून अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि तोही राज्याने आपला ४० टक्के वाटा दिल्यानंतर. त्यातील शुल्काची रक्कम विद्यार्थ्याने महाविद्यालयात भरायची असते. मधल्यांना वगळण्याचा हेतू चांगला आहे, पण घरात आजारपण असताना खात्यात आलेली रक्कम वेगळी ठेवणे गरीब कुटुंबाला जड जाते. पूर्वी थकबाकीचा तगादा महाविद्यालय शासनाकडे लावत असे. आता तो अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामागे लागतो.

कर्ज हा पदवीसाठी दुबळा मार्ग आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. पण ती निवडक नामांकित संस्थांपुरती. तालुक्याच्या गावी बी.ए. करणाऱ्याला तिचा उपयोग नाही, आणि त्या पदवीच्या भरवशावर कर्ज घेण्याचा सल्ला त्याला देऊही नये.

स्वयंसेवी संस्थांनी मात्र मूळ प्रश्न कधी सोडला नाही. १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी पुण्यात सुरू केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती आजही ग्रामीण मुलामुलींना अल्प खर्चात निवास आणि भोजन देते आणि त्यांच्याकडून कामही करून घेते. विद्यापीठांतील ‘कमवा व शिका’ योजना कर्मवीरांच्या विचारातून आल्या. ग्रंथालयात, बागेत किंवा कार्यालयात काही तास काम आणि त्याचे मानधन, ही रचना चांगली, कारण काम आवारातच असते आणि तासिका बुडत नाहीत. पण तिच्या जागा थोड्या. उरलेले विद्यार्थी पेट्रोल पंपावर, हॉटेलात, कुरिअरच्या गोदामात रात्रपाळी करतात आणि सकाळचे तास चुकवतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि स्वाधार या दोन्हींसाठी ७५ टक्के उपस्थितीची अट आहे. हप्ता वेळेवर न आल्यामुळे कामाला लागलेला विद्यार्थी या अटीत अडकतो आणि पुढच्या वर्षाच्या हप्त्यालाही मुकतो. प्रवेश पक्का होताच, कागदपत्रांची अंतिम छाननी होण्याआधी, पहिल्या तीन महिन्यांच्या जेवणाची आणि खोलीची रक्कम आगाऊ देऊन पुढच्या हप्त्यांतून ती वळती करून घेतली, तर रात्रपाळीची ही पहिली पायरीच त्याला चढावी लागणार नाही.