खरे रूप कोणत्या दिवसाचे?

मोटार हा आमच्या नित्याच्या चिंतनाचा विषय नव्हे. अमेरिकेतील तरुणांनी जुन्या मोटारी कापून, जोडून, रंगवून नव्या केल्या आणि एखाद्या हौशी गृहस्थाने त्यांची छायाचित्रे जन्मभर काढून जपून ठेविली, तर त्यात आम्ही काय पाहावे, असे वाचक विचारतील. परंतु त्या छायाचित्रांतून एक प्रश्न उभा राहतो आणि तो मोटारीपुरता राहत नाही. वस्तूचे खरे रूप कोणत्या दिवसाचे मानावयाचे? ती प्रथम घडली त्या दिवसाचे, ती सर्वांत देखणी दिसली त्या दिवसाचे, की आज जशी आहे तसे? आणि एकदा ते ठरविले म्हणजे बाकीचे दिवस पुसून टाकण्याचा अधिकार कोणास पोचतो?

प्रथम वस्तुस्थिती सांगितली पाहिजे. फोर्ड कंपनीने १९३२ साली आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन सामान्य माणसाच्या मोटारीत आणले. थोड्याच वर्षांत या मोटारी जुन्या होऊन स्वस्तात मिळू लागल्या. दक्षिण कॅलिफोर्नियातील पोरांनी त्या घ्याव्या, मडगार्ड व बॉनेट काढून वजन कमी करावे, इंजिनात फेरफार करावे आणि म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवराच्या सपाट तळावर नेऊन वेग मोजावा, असा क्रम सुरू झाला. १९३७ मध्ये तेथील क्लबांनी एकत्र येऊन वेळ मोजण्यासाठी आपली संघटना उभारली. युद्धानंतर सैन्यात यंत्रकाम शिकलेले तरुण घरी परतले आणि या छंदास भर आला. जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ नावाचे मासिक निघाले, १९४९ मध्ये युटातील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर शर्यती भरल्या. या मोटारींस हॉट रॉड म्हणत. वर्तमानपत्रांनी त्यांस रस्त्यावरील उपद्रव म्हणून पुष्कळ झोडपले, आणि सर्वस्वी अकारण झोडपले असे म्हणवत नाही.

त्यांचे दुसरे भावंड म्हणजे ‘कस्टम’ मोटार. तिला वेगाची फिकीर कमी, रूपाची अधिक. छप्पर बुटके करावयाचे तर सगळे खांब काही इंच कापून काढावे लागतात. पण खांब वरच्या अंगास आत झुकलेले असल्यामुळे कापलेले छप्पर खाली आणले की ते खालच्या भागाशी जुळत नाही. मग छप्पर चिरून मध्ये पत्रा घालावा, काच पुन्हा कापावी, मागच्या काचेचा कल बदलावा. सांधे दिसू नयेत म्हणून त्यांवर शिसे तापवून लाकडी पट्टीने पसरावयाचे आणि कानशीने घासून गुळगुळीत करावयाचे. दरवाज्याच्या मुठी काढून छिद्रे बुजवावयाची. इतके कष्ट करून साधावयाचे ते काय, तर कष्ट झालेच नाहीत, मोटार कारखान्यातून अशीच बाहेर आली, असा भास. हाताच्या कामाने हाताची खूण लपवावयाची, ही या कलेची विलक्षण अट होय.

आता छायाचित्रांकडे वळू. मासिकांनी बहुधा पुरी झालेली, चकाकणारी मोटार छापली. अँडी साउदर्ड हा स्वतः मोटारींवर बारीक रेघा ओढणारा कारागीर. त्याने दशकानुदशके कस्टम मोटारींची रंगीत छायाचित्रे काढली. डॉन माँटगोमेरी हा त्या काळी स्वतः मोटारी पळविलेला; त्याने चाळिशीच्या दशकातील हॉट रॉडांची जुनी छायाचित्रे १९८७ साली पुस्तकरूपाने पुढे आणली. अशा हौशी माणसांच्या संग्रहात मासिकाने सहसा न पाहिलेले पुष्कळ असते. राखी अस्तराचा रंग दिलेली अर्धवट मोटार, गॅरेजबाहेर उभा पोरगा, तीच मोटार दोन वर्षांनी दुसऱ्या रंगात, पुढे तिसऱ्या मालकाकडे वेगळे इंजिन घालून. मासिकाच्या चित्रात मोटार पूर्ण होते. हौशी माणसाच्या चित्रांत ती कधीच पूर्ण होत नाही.

एक प्रसिद्ध उदाहरण घ्यावे. बॉब हिरोहाता या तरुणाची १९५१ सालची मर्क्युरी लॉस एंजेलिसजवळच्या लिनवुड येथील बॅरिस बंधूंच्या कारखान्यात घडली आणि १९५२ मध्ये प्रदर्शनात झळकली. तेव्हा तिच्यात मर्क्युरीचेच इंजिन होते. १९५३ मध्ये तेथे कॅडिलॅकचे आले. १९५५ च्या एका चित्रपटासाठी तिचा रंगही बदलला. पुढे ती हातोहात फिरली आणि १९५९ मध्ये एका शाळकरी मुलाने ती अवघ्या ५०० डॉलरांस घेतली. त्याने ती तीस वर्षे सांभाळली, मग जुन्या चित्रांच्या आधारे तिला पहिल्या हिरव्या रंगावर आणले. २०२२ मध्ये लिलावात तिला वीस लाख डॉलरांच्या आसपास किंमत आली. त्या मुलाच्या निष्ठेस आमचा नमस्कार आहे. कोणी ओळखही देत नव्हते त्या काळात त्याने ती भंगारात जाऊ दिली नाही. तरीही प्रश्न उरतोच. चित्रपटासाठी दिलेला रंग खरवडला गेला, तोही या मोटारीचाच होता की नाही?

राजा मिलिंदास नागसेन भिक्षूने रथाविषयी विचारले होते: आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, दांडा म्हणजे रथ काय? एकेक नाकारीत शेवटी रथ हे केवळ अवयवांच्या मेळास दिलेले नाव ठरले. तत्त्वचिंतनास हे उत्तर पुरते. नीतीचा गुंता त्याने सुटत नाही. आपल्या देवळातील रथाचे पाहा. चाक झिजले, नवे केले. खांब किडला, बदलला. रंग दर काही वर्षांनी. रथ देवाचाच राहतो, कारण जत्रा खंडत नाही. त्याला अमुक वर्षाच्या रूपावर परत नेऊन उभा करावा असे कोणाच्या मनात येत नाही. मोटारीची जत्रा मात्र थांबलेली असते. ती आता चालत नाही, दाखविली जाते, आणि दाखविण्यास एकच रूप लागते. म्हणून एक छायाचित्र निवडावे लागते, आणि जे चित्र निवडले ते प्रमाण होते. १९९७ पासून पेबल बीचच्या प्रतिष्ठित प्रदर्शनात हॉट रॉडांस स्वतंत्र वर्ग मिळाला, तेव्हापासून तर या प्रमाणास मानाचीही जोड आली.

येथे चित्र कोणी काढले हेही पाहावे लागते. बॅरिस बंधूंपैकी सॅम हा पत्र्याचा खरा कसबी. हिरोहाताच्या मोटारीच्या पत्राकामात त्याचा आणि फ्रँक सॉन्झोग्नी याचा हात होता. जॉर्जच्या हातात कॅमेरा होता. तो स्वतः छायाचित्रे काढून मासिकांस देई. सॅम १९६७ मध्ये वारला आणि जगाच्या तोंडी जॉर्जचे नाव राहिले. जॉर्जने काही लबाडी केली असे आमचे म्हणणे नाही; जीर्णोद्धाराच्या शिलेवरही खर्च करणाऱ्याचे नाव असते, गवंड्याचे नसते. पण हौशी माणसाच्या चित्रात, जेथे मागे कोणीतरी वाकून शिसे घाशीत असतो, तेथे तो गवंडी दिसतो. चित्र काढणाऱ्याने त्यास मुद्दाम टिपलेले नसते. तो तेथे होता, इतकेच.

१९५७ च्या डिसेंबरात लिनवुडच्या त्या कारखान्यास आग लागली आणि आत असलेल्या अनेक मोटारी जळाल्या. अशा नष्ट झालेल्या मोटारींची जुनी चित्रे पुढे ठेवून, नवा सांगाडा घेऊन, आज काही लोक हुबेहूब प्रतिकृती उभारतात. जाणते त्यांस नकली म्हणून नाक मुरडतात. आम्हांस त्यात दोष दिसत नाही. उलट, जुनी मोटार खरवडून पहिल्या दिवशी नेण्यापेक्षा हे काम आम्हांस अधिक निर्मळ वाटते. प्रतिकृती घडविणाऱ्याने कोणाच्याही हाताचे काम पुसलेले नसते.