धाकट्याचा वाटा

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये नाइट जमिनीचा मालक नसायचा. 1066 नंतर तिथली सगळी जमीन शेवटी राजाची, बाकीच्यांनी ती कोणाकडून तरी घेऊन फक्त 'धरायची'. बदल्यात वर्षाला 40 दिवस घोड्याशस्त्रांनिशी चाकरी. म्हणजे आपण फोनवर सॉफ्टवेअर 'विकत' घेतो तसंच, हातात येतं ते लायसन्स. बाप गेला की मुलाने वरच्या सरदाराला पैसे भरून ते रिन्यू करायचं. 1215 च्या मॅग्ना कार्टाने एका पूर्ण नाइटच्या जमिनीसाठी ही रक्कम जास्तीत जास्त 100 शिलिंग ठरवून दिली. वारस अज्ञान असेल तर जमिनीचं उत्पन्नही सरदाराचं आणि त्या पोराचं किंवा पोरीचं लग्न ठरवायचा हक्कही त्याचाच.

मुलगे चार असले तर? जमीन थोरल्याला. यामागचं नेहमीचं कारण पटण्यासारखं वाटतं: जमिनीमागे एक सैनिक उभा आहे, आणि सैनिकाचे तुकडे होत नाहीत.

विल्यम मार्शल हा असाच चौथा मुलगा. 1152 मध्ये तो लहान असताना राजा स्टीफनकडे ओलीस होता. राजाने पोराला फाशी द्यायची धमकी दिली, तर बापाने निरोप धाडला म्हणे, खुशाल द्या, आणखी मुलं जन्माला घालता येतील. वाट्याला काही येणार नव्हतंच. विल्यमने टूर्नामेंटमध्ये नाइट पकडून खंडणीवर पैसा कमावला, राजांच्या पदरी राहिला. 1189 मध्ये, चाळिशी उलटल्यावर, त्याचं लग्न इझाबेल द क्लेअरशी झालं. तिचा बाप आणि भाऊ दोघंही वारले होते, ती राजाच्या ताब्यात होती. पेंब्रोक, चेपस्टो, आयर्लंडमधलं लेन्स्टर, सगळं तिच्याकडून आलं. तिला विचारलं होतं का, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. त्या जमिनींवर राबणाऱ्या कुळांना तर कोण विचारणार!

1219 मध्ये विल्यम मरणाला टेकला. पाच मुलगे, पाच मुली. धाकट्या अन्सेल्मसाठी त्याने काहीच ठेवलं नव्हतं. पोराने माझ्यासारखं स्वतः कमवावं, असं त्याचं म्हणणं. त्याचा जुना साथीदार जॉन ऑफ अर्ली मध्ये पडला, तेव्हा कुठे अन्सेल्मला वर्षाला 140 पौंड उत्पन्नाची जमीन मिळाली.

मला इथेच अडायला होतं. ज्याला धाकटेपणाचे चटके माहीत, त्यालाच ते न्याय्य वाटावेत? पण वाटतात. आपण जिंकलो की आपल्याला जिंकवणारा नियम बरोबरच असणार, असं वाटायला लागतं. त्याच्याबरोबर टूर्नामेंटमध्ये उतरलेले कितीतरी धाकटे जमिनीविना मेले असतील. त्यांचं मत कोणी घेतलं नाही.

आणि नियमाचं ते कारणही तपासून बघा. मुलगा नसेल तर इंग्लिश कायद्यात जमीन सगळ्या मुलींमध्ये समान वाटली जायची. सैनिकाचं काय? त्याचेही तुकडे व्हायचे! अर्धा नाइट, दहावा हिस्सा नाइट अशा नोंदी सर्रास सापडतात, कारण चाकरीऐवजी रोख पैसे भरता येत होते. भावांसाठी जे अशक्य, ते बहिणींसाठी सहज शक्य. 'सिस्टिममध्ये ते बसत नाही' हे वाक्य ऑफिसात ऐकलं की मी हल्ली विचारतो, बसत नाही की बसवायचं नाही?

थोरल्याच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे. मार्शलचे पाचही मुलगे औरस संतती न ठेवता गेले. 1245 च्या शेवटी सगळं अन्सेल्मच्याच वाट्याला आलं, पण महिन्याभरात तोही गेला. मग पाच बहिणींचे वाटे पडले, लेन्स्टरचे पाच तुकडे झाले आणि मार्शल घराण्याची ती ताकद कायमची संपली. घराणं टिकवायचं असेल तर वाटणी घातकच. प्रश्न एवढाच, की मरताना बापाने हिशोब घराण्याचा मांडायचा की मुलांचा? जॉन ऑफ अर्लीने मुलाचा मांडला, आणि त्या घराण्याशी त्याचं रक्ताचं नातंही नव्हतं.