तीस सप्टेंबरचा पट

शाळा लहान की मोठी, हे सरकार वर्षातून एकदा ठरवतं. ३० सप्टेंबरला हजेरीपटावर जितकी नावं, तितका त्या शाळेचा पट. पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेच्या पदांची मंजुरी, आणि संचमान्यतेवर शिक्षकांची पदं. तारखेत वरवर पाहता वावगं काही नाही. पाऊस सरत आलेला असतो, भात पोटरीत आलेलं असतं, माणसं आपापल्या घरी असतात. मोजणीला याहून सोयीचा दिवस कुठला? भिवंडी तालुक्यात मात्र हीच सोय अंगाशी येते.

भिवंडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. तो शहराचा. शहराच्या चहूबाजूंनी पसरलेल्या तालुक्याची तऱ्हा वेगळी आहे. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली या पट्ट्यात आगरी गावं आहेत आणि भाताच्या खाचरांत भराव टाकून उभी केलेली गोदामं आहेत. तिथल्या रस्त्यांवर दिवसरात्र कंटेनरची रांग असते. उत्तरेला वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे, तानसेच्या खोऱ्यात, कुणबी-आगरी गावं आणि त्यांच्या कडेकडेला वारली, कातकरी, मल्हार कोळी पाडे. आणि तालुकाभर ठिकठिकाणी वीटभट्ट्या.

या भट्ट्यांचं एक वेळापत्रक आहे आणि ते शिक्षण विभागाच्या वेळापत्रकाशी कधीच जुळत नाही. पावसाळ्यात हाताला काम नसतं. आजारपण, लग्न, सणवार यांसाठी मालकाकडून उचल घेतलेली असते. दिवाळी झाली की ती फेडायला नवरा-बायको जोडीनं भट्टीवर जातात. घरी मागे ठेवायला कोणी नसलं की मुलंही बरोबर निघतात. जव्हार-मोखाड्याकडून, शहापूर-मुरबाडकडून माणसं भिवंडीत उतरतात, आणि भिवंडीच्या पाड्यांवरची माणसं आणखी कुठल्या भट्टीवर जातात. पुढचे सहा-सात महिने, मेअखेरीपर्यंत, पाड्यावरच्या शाळेत शिक्षक आहेत पण मुलं नाहीत, आणि भट्टीजवळच्या शाळेत मुलं येऊन ठेपली आहेत पण त्यांच्यासाठी पद नाही. पट ३० सप्टेंबरला मोजून झाला. मुलं त्यानंतर हलली.

कायद्याला हे ठाऊक नाही असं नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाला वयानुरूप वर्गात घ्यावं असं म्हटलं आहे, आणि दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवू नये असंही. महाराष्ट्रात स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, मुलांना गावातच ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. कागद चांगला आहे. पण कार्ड मुलाबरोबर जातं, शिक्षक जात नाही. डिसेंबरात अचानक वाढलेल्या नऊ-दहा मुलांना घेऊन बसलेल्या गुरुजींना त्या कार्डानं एक जादा हातही मिळत नाही.

या भागाला याचं उत्तर एकदा सापडलं होतं. नव्वदच्या दशकात विधायक संसदेनं, म्हणजे विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या संस्थेनं, भट्टीवरच शाळा भरवायला सुरुवात केली. भट्टीवरचा मजूर ज्या तात्पुरत्या झोपडीत राहतो तिला भोंगा म्हणतात. तशाच झोपडीत भरणारी ती भोंगाशाळा. तिच्याही आधी याच जुन्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा धडा घालून दिला होता. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र निघालं, १९५७मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर शाळाच गुरांमागे कुरणात गेली. या दोन्ही प्रयोगांचं कौतुक आपण भरपूर केलं, त्यांच्यावर भाषणं केली, अनुताईंना पद्मश्रीही दिली. त्यांच्यातली मूळ गोष्ट तेवढी सोडून दिली. मुलं एका जागी थांबत नसतील तर शाळेनं तरी का थांबावं, असा तो साधा प्रश्न होता. सरकारी शाळा ही जागेला बांधलेली असते, आणि बांधलेलीच असली पाहिजे असं आपण गृहीत धरतो.

आता गोदामांच्या पट्ट्याकडे वळू. तिथे उलटी गंमत आहे. जमिनी विकून किंवा भाड्यानं देऊन गावात पैसा आला. ग्रामपंचायतींना गोदामांच्या घरपट्टीचं उत्पन्न आलं. शाळेची इमारत रंगवली गेली, फरशी बसली, कुठे संगणकही आले. आणि ज्यांनी देणग्या दिल्या त्यांची मुलं पिवळ्या बसमधून ठाण्याच्या, कल्याणच्या इंग्रजी शाळेत जाऊ लागली. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरली ती गावात भाड्यानं राहणाऱ्यांची मुलं: उत्तर प्रदेश-बिहारचे हमाल, मराठवाड्यातून आलेले चालक, गोदामांचे पहारेकरी, बांधकामावरचे मजूर. गावचं नाव शाळेच्या फळ्यावर आहे, पण गाव शाळेत नाही. मला हे नुसतं ढोंग वाटत नाही. मुलाला इंग्रजी यावं असं वाटणाऱ्या आईबापाला मी तरी नावं ठेवणार नाही. पण शाळेची मालकी आणि शाळेची गरज ही दोन वेगवेगळ्या माणसांकडे गेली की काय होतं, ते इथे उघड्यावर दिसतं.

वर्गात मात्र काहीतरी चालू असतं, आणि ते मोजमापात येत नाही म्हणून त्यावर जरा रेंगाळायला हवं. पट तिसाच्या आतला, खोल्या दोन, शिक्षक दोन. त्यांतले एक मतदार यादीच्या कामाला किंवा केंद्रातल्या परिषदेला गेलेले. म्हणजे प्रत्यक्षात एक शिक्षक आणि चार इयत्ता. पहिलीच्या मुलीच्या कानावर तिसरीचे पाढे दोन वर्षं आधीच पडतात. चौथीतला मुलगा दुसरीच्या मुलाला हातचा कसा घ्यायचा हे सांगताना स्वतः पहिल्यांदा नीट समजून घेतो. कातकरी घरातली मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन आलेली असते. शेजारच्या अंगणवाडीत त्याला सोडून ती वर्गात बसते, आणि मधल्या सुट्टीत खिचडी आधी त्याला भरवते. भोजपुरी बोलणारा मुलगा आगरी बोली आधी खेळात उचलतो, पुस्तकातली मराठी त्यानंतर. बाईंना या तिन्ही बोलींमधून वाट काढावी लागते, आणि त्यात चूक झाली तर मुलं हसून दुरुस्त करतात.

शिक्षक लोकांतलाच असावा, ही मागणी जुनी आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळांसाठी मास्तर शेतकऱ्यांमधून घ्यावेत असं सांगितलं होतं. लोकांत मिसळणारा, गरज पडली तर नांगराला हात घालणारा मास्तर त्यांना हवा होता. २०००च्या सुमारास निघालेल्या वस्तीशाळांनी, कदाचित नकळत, तसंच केलं. वाडीवस्तीतलाच शिकलेला तरुण तुटपुंज्या मानधनावर निमशिक्षक झाला. त्याला अध्यापनशास्त्र कमी येत असेल, पण कोण कुठल्या भट्टीवर गेलं आणि कधी परत येणार हे त्याला विचारावं लागत नव्हतं. पुढे त्या शाळा नियमित झाल्या, शिक्षकांची सेवा कायम झाली, आणि बदल्यांच्या चक्रात ही ओळख पातळ होत गेली. शिक्षकाला न्याय मिळाला हे चांगलंच झालं. त्यात वस्तीचं काही गेलं, तेही खरं आहे.

लहान शाळेचे गोडवे गाणारं लिखाण मला फारसं पटत नाही. तिसरीत एकटीच असलेल्या मुलीला बरोबरीचं कोणी नसतं. वाद घालायला, पुढे जायची चुरस करायला, रुसायलासुद्धा कोणी नसतं. खो-खोचा संघ होत नाही. शिक्षक आजारी पडला की शाळा बंद. अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तकं एका वर्गाला एक शिक्षक असं धरून लिहिलेली असतात, त्यामुळे बहुवर्ग शिकवणं ही प्रत्येक शिक्षकाची खासगी कसरत होऊन बसते. तसं ते असायला हवं असं नाही. कोलंबियात १९७५च्या सुमारास सुरू झालेल्या एस्क्वेला नुएव्हानं खेड्यातल्या बहुवर्ग शाळांसाठीच स्वयंअध्ययनाचं साहित्य बनवलं. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीनं आसपासच्या एकशिक्षकी शाळांसाठी कार्डांची शिडी रचली आणि प्रत्येक मूल आपल्या गतीनं ती चढू लागलं. आणि मराठी वाचकाला ‘प्रिय बाई’ या नावानं ओळखीचं झालेलं ते पुस्तक? १९६७ साली इटलीतल्या बार्बियाना नावाच्या डोंगरवस्तीतल्या आठ मुलांनी ते लिहिलं. लोरेन्झो मिलानी या पाद्र्याच्या त्या शाळेत ज्याला जे येतं ते त्यानं न येणाऱ्याला शिकवायचं, एवढाच नियम होता. ती शाळा कुठल्याच पटसंख्येच्या निकषात बसली नसती.

आपल्याकडे धोरणाचा कल दुसरीकडे आहे. २०१७मध्ये दहापेक्षा कमी मुलं असलेल्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा तेव्हा राज्यात १४ हजारांहून अधिक होत्या आणि त्यांत पावणेदोन लाखांहून जास्त मुलं. समूह शाळांचे दाखले म्हणून पानशेत आणि तोरणमाळची नावं दिली गेली. एकत्र आलेल्या मुलांना प्रयोगशाळा मिळेल, मैदान मिळेल, सवंगडी मिळतील हा मुद्दा खोटा नाही. तिसरीतल्या त्या एकट्या मुलीचा विचार केला तर तो मलाही ओढतो.

पण भिवंडीतला एक किलोमीटर म्हणजे काय, हे नकाशाला कळत नाही. नाशिक महामार्गाच्या या बाजूला पाडा आणि त्या बाजूला शाळा असेल, मध्ये कंटेनर, ट्रेलर आणि उड्डाणपुलाचं काम असेल, तर सात वर्षांच्या मुलाला ते अंतर पार करायला मोठं माणूस लागतं. ते माणूस सकाळी सहालाच गोदामावर किंवा भट्टीवर गेलेलं असतं. तानसेच्या खोऱ्यात हीच अडचण जुलै-ऑगस्टमधल्या ओढ्यांची. बस देऊ, असं सांगितलं जातं. बस मुलीला नेईल. कडेवरच्या भावाला कोण नेणार? तो राहिला तर ती राहणार. याचा हिशेब पटाच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात करायचा?

शिवाय शाळेत मुलांपलीकडेही माणसं असतात. याच ठाणे जिल्ह्यात मुरबाडच्या फांगणे गावात जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी नऊवारी नेसून पाटी-पेन्सिल घेऊन बसू लागल्या. जगभरातून छायाचित्रकार आले, आणि बातम्यांत गुलाबी साड्यांनाच जास्त जागा मिळाली. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. गावात सरकारी शाळा आणि गावाला ओळखणारा शिक्षक होता, म्हणून ते सुचलं आणि जमलं. शाळेत गाव भेटतं ते इतर निमित्तांनीही. मुलांनी भरवलेला भाजीबाजार, ज्यात सहावं-सातवं वर्ष लागलेलं पोर आईलाच मुळ्याची जुडी विकत घ्यायला लावतं आणि सुट्टे पैसे चुकवतं. स्नेहसंमेलनात एका पाठोपाठ एक होणारा तारपा आणि आगरी-कोळी गाण्यांवरचा नाच. २६ जानेवारीला झेंड्याखाली उभे राहणारे सरपंच आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी. गोदामांच्या पट्ट्यात जमीनमालक आणि त्याच्या चाळीतला भाडेकरू एकाच सतरंजीवर बसतात अशी जागा शाळेखेरीज फारशी उरलेली नाही. शाळा पाच किलोमीटरवर नेली तर मुलं कदाचित तिथे पोहोचतील. सतरंजी पोहोचणार नाही.

तरी शाळा टिकवायची तर नुसतं ‘शाळा वाचवा’ म्हणून भागत नाही. दोन गोष्टी तातडीनं करण्यासारख्या आहेत आणि दोन्ही फारशा खर्चाच्या नाहीत. पट वर्षातून दोनदा मोजावा: एकदा ३० सप्टेंबरला आणि एकदा भट्ट्या पेटल्यावर, जानेवारीत. दुसऱ्या मोजणीनुसार चार-पाच महिन्यांपुरते शिक्षक एका शाळेतून दुसरीकडे पाठवावेत. मुलं हलतात हे सरकारनं मान्य केलंच आहे, तर शिक्षकही हलू शकतात हे मान्य करायला हरकत नसावी. संघटना विरोध करतील, आणि त्यांच्या काही शंका रास्त असतील. प्रवासभत्ता कोण देणार, सेवाज्येष्ठतेचं काय, हे प्रश्न सोडवावेच लागतील.

दुसरी गोष्ट अवघड आहे, कारण ती गावाची आहे. कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. म्हणजे ज्यांची मुलं शाळेत आहेत तेच शाळेचे कारभारी. गोदामांच्या गावात ते कारभारी म्हणजे भाडेकरू, भट्टीच्या गावात कातकरी जोडपी. प्रत्यक्षात सभा सकाळी अकराला होते, तेव्हा ही माणसं मजुरीवर असतात आणि सह्या नंतर घेतल्या जातात. सभा संध्याकाळी सातला घ्या, आणि हंगामात एखादी भट्टीवर घ्या, असं सुचवलं की ग्रामपंचायतीतून ठरलेलं उत्तर येतं: त्या लोकांचा काय भरवसा, जून आला की निघून जातात. जातात, हे खरं आहे. आणि त्याच जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या दिवशी, उत्तर देणाऱ्यांची मुलं नाक्यावर ठाण्याच्या बसची वाट पाहत उभी असतात.