अक्षहृदय आणि कली

वनपर्वातील नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडावरील फळापानांची संख्या सांगतो. नळ ती मोजून पाहतो आणि चकित होतो. पुढे अश्वविद्येच्या मोबदल्यात ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय देतो आणि ते मिळताच नळाच्या देहात दडलेला कली बाहेर पडतो. कथेचे गृहीत असे दिसते की द्यूतातील नाश अज्ञानातून होतो आणि संख्येचे रहस्य कळले की माणूस व्यसनातून सुटतो. हे गृहीत कितपत टिकते?

स्टू उंगर या अमेरिकन पोकरपटूचे चरित्र या प्रश्नाच्या संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला उंगर प्रथम जिन रमीत इतका निष्णात झाला की त्याच्यासमोर पैसे लावून बसायला कोणी तयार होईना. त्यामुळे तो पोकरकडे वळला. लास व्हेगासमधील वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या स्पर्धेची मुख्य लढत त्याने १९८० व १९८१ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली आणि तिसऱ्यांदा १९९७ मध्ये. त्या वर्षी ३१२ खेळाडूंनी प्रत्येकी १० हजार डॉलर भरले होते. पहिले बक्षीस १० लाख डॉलरचे होते. उंगरचे शुल्क मात्र बिली बॅक्स्टर या मित्राने भरले होते, आणि अर्धे बक्षीस त्याच्याकडे गेले. नोव्हेंबर १९९८ मध्ये उंगर लास व्हेगासमधल्याच एका मोटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. वय ४५. अमली पदार्थांनी त्याचे हृदय पोखरले होते. पैसे केव्हाच संपले होते.

येथे दैवाकडे बोट दाखवून भागत नाही, अज्ञानाकडे तर मुळीच नाही. हाती येणारी पाने दैवाधीन असतात. पण ती टाकावीत की त्यांवर पैसे लावावेत, समोरच्याचा आत्मविश्वास खरा की आव, हा निर्णय खेळाडूचा असतो. उत्तम निर्णय घेऊनही एखादा डाव हातचा जातो, म्हणून जाणता खेळाडू निर्णयाचे मोल निकालावरून करीत नाही. ही फलनिरपेक्षता गीतेच्या वाचकाला ओळखीची वाटेल. साम्य वरवरचे आहे. गीतेतील कर्त्याची उदासीनता स्वधर्मावर उभी आहे. पोकरमधील उदासीनता ही फळ पदरात पाडून घेण्याचीच एक युक्ती आहे. समोरच्या चकत्यांमागे घरभाडे आहे, औषधपाणी आहे, हे ज्याला डावात आठवते तो भितो, आणि भिणारा हरतो. उंगरला ते आठवत नसे. हीच निर्भयता घेऊन तो घोड्यांच्या शर्यतींवर आणि क्रीडासामन्यांवर पैजा लावीत राहिला. तेथे त्याचे अक्षहृदय चालत नव्हते.

१९९० च्या स्पर्धेत चकत्यांचा मोठा साठा जवळ असताना, तिसऱ्या दिवशी तो आपल्या खोलीत बेशुद्ध आढळला. रिकाम्या खुर्चीसमोरच्या साठ्यातून प्रत्येक डावाला सक्तीची रक्कम नियमाप्रमाणे कापली जात राहिली, तरीही तो नववा आला. कमावलेले कौशल्य माणसाच्या अनुपस्थितीतही काही काळ पुरते, याचे याहून विदारक उदाहरण सुचवणे कठीण.

कायद्याने या बाबतीत कौशल्य आणि दैव यांतील भेदावर बराच भर दिला. १९६८ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले; २०२५ च्या कायद्याने मात्र पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा दैवाचे, एकत्रच निषिद्ध ठरवले. या भेदाचा नैतिक उपयोग मर्यादितच आहे. उंगर कौशल्याच्या शिखरावर असतानाच उद्ध्वस्त होत होता.

नलोपाख्यानाचा शेवट अधिक बोलका आहे. नळ पुष्कराला एकाच डावात हरवतो, पण त्याचे त्याला परत देऊन सन्मानाने निरोप देतो. ही बुद्धी ऋतुपर्णाने शिकवलेली नव्हती. उंगरच्या जगात तिला जागा नाही, कारण बक्षीस उभे राहते तेच इतर ३११ जणांच्या शुल्कातून. ते त्यांनी स्वेच्छेने भरले होते, हे खरे. परंतु युधिष्ठिराला द्यूताचे आमंत्रण का नाकारता आले नाही, हा प्रश्न महाभारताने स्वेच्छेचे नाव घेऊन मिटवलेला नाही.