कुणी पाठवलं, कुणाला सांगणार?

जानेवारी २०२० मध्ये दावोसला जागतिक आर्थिक परिषदेच्या निमित्ताने हवामान चळवळीतल्या पाच तरुणी पत्रकारांसमोर आल्या. ग्रेटा थनबर्ग, इसाबेल अॅक्सेलसन, लुइसा नॉयबाउअर, लुकिना टिले आणि युगांडाची व्हेनेसा नकाते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्या भेटीचं जे छायाचित्र जगभर पाठवलं, त्यात चौघीच होत्या. कडेला उभी असलेली नकाते कापली गेली होती. तिच्यामागची इमारत चित्रात खटकत होती, असं कारण पुढे आलं. संस्थेने नंतर माफीही मागितली. तरी पाच जणींतली एकुलती एक आफ्रिकी मुलगीच नेमकी बाहेर का पडावी, हा नकातेचा सवाल कुणाला खोडता आला नाही.

हा प्रसंग वर्णभेदाचं उदाहरण म्हणून सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. पण त्यात दुसरंही एक कोडं आहे. वर्षभरापूर्वी नकाते भावंडांना सोबत घेऊन कंपालाच्या रस्त्यावर फलक धरून उभी राहिली, तेव्हा ती स्वतःपुरतं बोलत होती. दावोसला पोचेपर्यंत ती ‘आफ्रिकेचा आवाज’ झाली. चोपन्न देशांच्या खंडाचा भार तेवीस वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर आला, आणि तो ना युगांडाने ठेवला, ना कंपालाने. परिषदा भरवणाऱ्यांनी आणि बातम्या देणाऱ्यांनीच तो ठेवला. ज्यांनी तिला प्रतिनिधी केलं, त्यांच्याच हातात तिला चौकटीबाहेर काढणंही होतं. युवा नेतृत्वाच्या मेळाव्यांबद्दल विचार करताना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. तरुण माणूस तिथे जातो तो कुणाच्या वतीने?

असे मेळावे आता जगभर भरतात. बराक ओबामांनी आफ्रिकी तरुणांसाठी २०१० मध्ये कार्यक्रम सुरू केला. त्यातून २०१४ साली निघालेल्या पाठ्यवृत्तीला पुढे मंडेलांचं नाव मिळालं. पहिल्या वर्षी पाचशे जागांसाठी जवळपास पन्नास हजार अर्ज आले. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपममध्ये ‘विकसित भारत यंग लीडर्स डायलॉग’ झाला. प्रश्नमंजूषा, निबंध, सादरीकरण अशा पायऱ्या चढत सुमारे तीन हजार तरुण तिथवर पोचले. दोन्हीकडची रीत एकच. वरून जागा निघतात, खालून अर्ज जातात, मधल्या चाळणीतून जो उरतो तो नेता.

ही चाळणी आमच्या गोंदिया जिल्ह्यात कशी चालते, ते कुठल्याही महाविद्यालयाच्या सूचना फलकापाशी उभं राहिलं की दिसतं. सूचना येते, अर्ज ऑनलाइन, मुदत चार दिवसांची. देवरी किंवा सालेकसा तालुक्याच्या आतल्या गावातला मुलगा मोबाइलला रेंज मिळेपर्यंत मागे पडतो. जो पोचतो त्याची बोली आडवी येते. घरी गोंडी, पोवारी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या मुलीला व्यासपीठावर प्रमाण मराठी उसनी घ्यावी लागते, आणि त्या मराठीत तिचा निम्मा मुद्दा वाटेतच राहतो. शेवटी निवड होते ती वक्तृत्व स्पर्धेतून घडलेल्या मुलाची. त्यात त्याचा दोष नाही. पण बोलता येणं आणि गावाचं काही ठाऊक असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चाळणीला त्यातली पहिलीच मोजता येते.

मेळाव्यांचा फायदा नाकारणं मात्र खोटेपणाचं होईल. विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला किंवा महाराष्ट्र एक्सप्रेसने अख्खं राज्य पार करून कोल्हापूरकडे शिबिराला निघालेली मुलगी घराबाहेर पाऊल टाकते, हेच केवढं तरी असतं. तिच्यासारखाच प्रश्न घेऊन धडपडणारी दुसरी मुलगी तिला भेटते. आपण वेड्या नाही, एकट्याही नाही, एवढं कळलं तरी पुढची काही वर्षं निघतात. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीने महाराष्ट्रातल्या कितीतरी तरुणांना हे दिलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ पासून ‘निर्माण’ या युवा उपक्रमातून दिलं. सात दिवसांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पहिल्यांदा कुदळ धरलेला विद्यार्थीही ते विसरत नाही.

अडचण येते ती परतल्यावर. प्रमाणपत्र मिळतं, फोटो स्टेटसला लागतो, गावात कौतुक होतं. मग शांत. त्या तरुणाला गावाने पाठवलेलंच नसतं, त्यामुळे गाव त्याला विचारतही नाही. बोलावणारे विचारतात खरे, पण त्यांचा प्रश्न असतो ‘अनुभव कसा वाटला?’ या प्रश्नाचं उत्तर कुणालाही देता येतं. तिथे काय मागितलंस, काय मिळालं, आता आपण काय करायचं, हे विचारणारं कुणी नसेल तर दोन-तीन मेळाव्यांनंतर तरुणाला मेळाव्यांचीच सवय लागते. तो पुढच्या निमंत्रणासाठी बोलू लागतो. त्याचा हिशोब गावाशी उरत नाही, आयोजकांशी जुळतो.

याच्या उलट ज्याचा हिशोब गावाशीच असतो, असा कार्यक्रम गोंदिया-भंडाऱ्याला नवा नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. दंडार (लोकनाट्य) किंवा नाटक ठरवायचं, झाडीपट्टीतल्या नाटक मंडळीला आगाऊ रक्कम द्यायची, वर्गणी जमवायची, मंडप घालायचा, तिकिटं खपवायची, रात्री भांडण पेटलं तर विझवायचं. हे सगळं गावातली विशी-पंचविशीतली पोरं करतात. नाटक पडलं किंवा पैसे बुडाले तर चौकातून जाताना वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. ‘लीडरशिप ट्रेनिंग’ असं याला कुणी म्हणत नाही. पण लोकांचा पैसा हाती घेऊन लोकांसमोर उभं राहणं ते शिकतात. मोठ्या मेळाव्यात नेमकं हेच शिकवता येत नाही.

आफ्रिकेच्या तरुणांच्या इतिहासातही याचं ठळक उदाहरण आहे. १९७६ च्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सोवेटोतल्या शाळकरी मुलांनी आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध बैठक घेतली. कृती समिती नेमताना त्यांनी प्रत्येक शाळेतून प्रतिनिधी घेतले. तीन दिवसांनी, १६ जूनला, हजारो मुलं रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दक्षिण आफ्रिका आज तो दिवस युवा दिन म्हणून पाळते. त्या बैठकीला ना पाहुणे होते, ना प्रायोजक. पण तिथून उठलेल्या प्रत्येक मुलाला दुसऱ्या दिवशी आपल्या शाळेत जाऊन सांगायचं होतं. बैठकीचं बळ त्या सांगण्यात होतं.

आपल्या शेजारच्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने आपल्या माणसांना उत्तर देण्याच्या या रीतीला कायमचं रूप दिलं. जयप्रकाश नारायण यांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल आणि गावचे देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने तिथे अभ्यासगट रुजला. अभ्यासगटात कुणीही यावं, बाहेरच्यालाही बोलवावं, हवं तेवढं वाचावं, वाद घालावा. निर्णय मात्र तिथे होत नाही. तो ग्रामसभेत, सर्वसहमतीने होतो. विचार करायला मोकळी जागा आणि निर्णयाला बांधलेली जागा अशी ही विभागणी आहे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं देशातलं सुरुवातीचं गाव मेंढा-लेखा ठरलं, त्यामागे अनेक वर्षांच्या या चर्चा होत्या.

गोंदिया जिल्हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येत नाही, त्यामुळे आदिवासी क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचा आधार इथल्या आदिवासी गावांना नाही. पण २००६ चा वनहक्क कायदा इथेही तेवढाच लागू आहे, आणि त्याच्या ग्रामसभेत प्रत्येक प्रौढ सदस्य आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार गणपूर्तीला निम्मे सदस्य लागतात, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे अठरा वर्षांची मुलगी नुसती श्रोता राहत नाही, तिच्याविना सभा अडू शकते. २०१३ पासून गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः हाती घेतला. त्यात लिलावाची जाहिरात, ठेकेदाराशी करार, फळीवरच्या (पानं गोळा करण्याच्या केंद्रावरच्या) पुडक्यांची नोंद, बँकेचं खातं, वाहतुकीचा परवाना अशी कामं येतात. ती कोण करतं? गावातली शिकलेली मुलं. अभिरूप युवा संसदेत अर्थमंत्री होणाऱ्याला टाळ्या मिळतात. फळीवरचा आकडा चुकला तर शेजारणीची मजुरी बुडते. दोन्ही ठिकाणी तरुणच आहेत, पण एकाच ठिकाणी चूक कुणालातरी भोवते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. गावाने पाठवायचं ठरवलं तर गाव सरपंचाच्या पुतण्यालाच पाठवील. लवकर लग्नाला नकार देणाऱ्या मुलीला, जातीवर बोट ठेवणाऱ्या मुलाला गाव कशाला आपला प्रतिनिधी म्हणेल? नकातेलाही कुणी पाठवलं नव्हतं. एकटीने उभं राहण्याचं धाडस नसतं तर ती दिसलीच नसती. आक्षेप खरा आहे. गावाविरुद्ध बोलायला कधी गावाबाहेरची जागाच लागते, आणि शिबिरं ती देतात. म्हणून पाठवणारं अख्खं गावच असावं असा हट्ट नको. बचत गट चालेल, तलावावर काम करणाऱ्या ढिवर स्त्रियांचा गट चालेल, अभ्यासगट चालेल, पाच मैत्रिणी चालतील. नकाते पुढे युगांडातल्या शाळांत सौर पॅनेल आणि कमी लाकडात पेटणाऱ्या चुली बसवण्याच्या कामाला लागली. तिने उत्तर द्यावं अशी माणसं तिने स्वतः जोडली. सप्टेंबर २०२१ मध्ये मिलानच्या युवा परिषदेत तिने हवामान बदलाने झालेल्या नुकसानीची भरपाई कोण देणार, असं थेट विचारलं. पुढच्याच वर्षी शर्म अल-शेखच्या परिषदेत अशा निधीचा निर्णय झाला. त्यामागे अनेक देशांची जुनी मागणी होती, नकातेचं एकटीचं श्रेय नव्हे. पण कुणासाठी मागतो आहोत हे ठाऊक असलेल्या माणसाचं मागणं कसं नेमकं होतं, ते त्यात दिसतं.

तेव्हा आयोजकांनी अर्जात दोन प्रश्न वाढवावेत. तुम्हाला कोण पाठवतं आहे? परत आल्यावर कुणासमोर आणि कधी सांगणार? ज्याला उत्तर देता येणार नाही त्याला नाकारू नये; आधी चार माणसं जोडून ये, पुढच्या वेळी तुझी जागा ठेवतो, असं सांगावं. तिसरी गोष्ट प्रश्नाची नाही, तारखेची आहे. महाविद्यालयांना सुट्टी असते म्हणून अनेक शिबिरं मे महिन्यात भरतात. आमच्याकडे मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. घरची माणसं पहाटे जंगलात जातात आणि त्या काही दिवसांच्या तोडाईवर वर्षाचा बराच रोख खर्च निघतो. ज्या घराला ही मजुरी सोडणं परवडतं, त्याच घरचं पोर शिबिराला पोचतं. मग तिथे ‘ग्रामीण आदिवासी युवकांच्या समस्या’ या विषयावर चर्चा होते, आणि ज्यांच्या त्या समस्या आहेत ते पुडके बांधत असतात. हंगाम उलटल्यावर आणि धानाची रोवणी सुरू होण्याआधी मोजके मोकळे दिवस सापडतात. ते कोणते, हे दिल्ली-मुंबईच्या कार्यालयात कळणार नाही. गावाला विचारावं लागेल. आणि ज्या आयोजकाने तारीख गावाला विचारली, त्याला प्रतिनिधी कोण हेही विचारणं अवघड जाणार नाही.