नसलेल्या जागेचं वचन

गेल्या पावसाळ्यात मी एक छोटं कर्नेल लिहायला घेतलं. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कुणाच्या उपयोगाचं ते होणार नव्हतं. फोन-लॅपटॉपच्या पोटात काय चालतं ते एकदा हातानं करून बघायचं होतं, एवढंच. पहिले दोन आठवडे स्क्रीनवर अक्षरं उमटवण्यात गेले. मग मेमरीपाशी आलो आणि १३ ओळींच्या एका व्याख्येशी अडकलो. कोड चालत होता. पण ही व्याख्या आपल्याला खोटं बोलायची सोय करून देतेय, असं वाटायला लागलं होतं.

इंटेल आणि एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरमध्ये मेमरी ४०९६ बाइटांच्या पानांत मोजतात. प्रत्येक पानाची ६४ बिटांची एक नोंद असते, ५१२ नोंदींचं एक टेबल होतं, आणि अशा टेबलांच्या सहसा चार पातळ्या असतात. प्रोग्रामला जो पत्ता दिसतो तो खरा नसतोच. प्रोसेसर दर वेळी या टेबलांवरून खरा पत्ता काढतो. सी भाषेत मी त्या नोंदीचे १३ भाग पाडले आणि त्यांना नावं दिली: लिहायची परवानगी आहे का, सामान्य प्रोग्रामला हात लावता येईल का, पान वापरलं गेलंय का, वगैरे. नावं माझी, जागा मात्र प्रोसेसरच्या. तिसऱ्या बिटाला मी ‘युजर’ म्हटलं काय किंवा ‘पांडू’ म्हटलं काय, त्याला घेणंदेणं नाही.

सगळ्यात पहिला बिट ‘प्रेझेंट’. तो १ असेल तर पान मेमरीत आहे. ० असेल तर नाही, आणि मग उरलेल्या ६३ बिटांकडे प्रोसेसरनं बघायचंच नाही असा नियम आहे. तिथे कर्नेलनं हवं ते लिहून ठेवावं. प्रोग्रामनं अशा पानाला हात लावला की प्रोसेसर थांबतो आणि कर्नेलला हाक मारतो. कर्नेल कुठून तरी पान आणतं, बिट १ करतं, आणि प्रोग्राम त्याच सूचनेपासून पुढे चालू लागतो. मधे काही घडलं हे त्याला कळतही नाही.

ही युक्ती जुनी आहे. १९६२ साली मँचेस्टरमध्ये सुरू झालेल्या ॲटलस संगणकात वेगवान मेमरी थोडी होती आणि फिरत्या ड्रमवरची जागा तिच्या कितीतरी पट. प्रोग्राम लिहिणाऱ्याला मात्र सगळी मिळून एकच मोठी मेमरी दिसायची. तिथे निदान पान ड्रमवर खरोखर असायचं.

लिनक्स पुढे गेलं. प्रोग्रामनं एक जीबी मागितली की ते बहुतेक वेळा ‘दिली’ म्हणतं, वहीत टिपून ठेवतं, आणि एकही पान देत नाही. ज्या पानाला हात लागेल तेवढंच तेव्हा येतं. आपल्याकडे लग्नात हेच करतात. पाचशे घरी पत्रिका जातात, स्वयंपाक मात्र अंदाजानं होतो, कारण सगळे येत नाहीत. बहुतेक लग्नं पारही पडतात. पण एखाद्या लग्नाला सगळे येतात, आणि शेवटच्या पंगतीत घरचीच माणसं आणि वाढपी वरण-भातावर उठतात.

लिनक्समध्ये सगळे आले की कर्नेल कुणाला तरी मारतं. कुणाला? ढोबळमानानं, ज्यानं सर्वांत जास्त मेमरी वापरली आहे त्याला. शेवटचं पान कुणी मागितलं हे बघितलं जात नाही. तासभर इमानेइतबारे काम करत असलेला मोठा प्रोग्राम जातो, कारण कुठल्यातरी छोट्यानं आणखी एक पान मागितलं. त्याला सांगायची, आवरायची संधी नसते. तुमच्या अँड्रॉइड फोनवर तुम्ही ओटीपी बघायला दुसरीकडे जाता आणि परत येता तेव्हा अर्धा भरलेला फॉर्म कोरा झालेला असतो, त्यामागे पुष्कळदा असंच काहीतरी असतं. (तिथे मागे पडलेली ॲप्स आधी जातात. हे जरा बरं.)

म्हणून मी ठरवलं की माझं कर्नेल असलं काही करणार नाही. जेवढी जागा आहे तेवढंच वचन. लिनक्सलाही अशी कडक सवय लावता येते, पण ती सहसा लावलेली नसते. ती का नसते ते मला चार दिवसांत कळलं. एम्युलेटरमध्ये मी कर्नेलला ६४ एमबी मेमरी दिली होती. ४० एमबी वापरणाऱ्या एका प्रोग्रामला एक बारीकशी कमांड चालवायची होती. त्यासाठी तो आधी स्वतःची प्रत काढतो. कागदावर ८० एमबी लागतात. प्रत्यक्षात प्रत आणि मूळ दोघंही तीच पानं वापरतात, कुणी लिहिलं तरच नवं पान लागतं. माझ्या प्रामाणिक कर्नेलनं ‘नाही’ म्हटलं. जे काम चार-पाच पानांत झालं असतं ते झालंच नाही, आणि वीसेक एमबी रिकामी पडून राहिली. माझा खरेपणा कुणाच्याच कामाला आला नाही.

तेव्हापासून मला वाटतं की हातात नसताना ‘हो’ म्हणणं ही इथली चूक नव्हे. आपणही उद्याच्या पगाराच्या भरवशावर भावाला ‘फी भरतो’ म्हणतोच. खटकतं ते हे की किती जणांना ‘हो’ म्हटलंय याचा हिशोब ठेवायचा नाही, आणि अंगाशी आलं की त्याची किंमत तिसऱ्याच माणसानं मोजायची, तीही त्याला न विचारता.

मग मी व्याख्या बदलली. प्रेझेंट ० असताना मोकळ्या असलेल्या ६३ बिटांतला एक घेतला आणि त्याला ‘वचन’ नाव दिलं. असे किती बिट १ आहेत ते कर्नेल मोजतं. मर्यादा ओलांडली की मागणाऱ्याला तोंडावर नकार मिळतो; प्रत काढणाऱ्याला तेवढी सवलत आहे.

सवलत दिली म्हणजे कधीतरी पंगत बसल्यावर जेवण संपणार. तेव्हा कुणाला उठवायचं? जास्त खाणाऱ्याला नको, हे मी ठरवलं होतं. ज्याचा हात शेवटच्या नसलेल्या पानावर पडला त्याला उठवावं, तर त्यानं कदाचित आयुष्यात तेवढं एकच पान मागितलेलं असेल, आणि मी ते कबूल केलेलं असेल. त्या फंक्शनला नाव देऊन ठेवलंय. आत अजून एकही ओळ नाही.